सरकारी खरेदीदार घडवायचा कसा?

दापोली तालुक्यातल्या आंजर्ल्याच्या ग्रामपंचायतीला समुद्राकडे जाणाऱ्या रस्त्यावर चाळीस पथदिवे बसवायचे आहेत, असे समजू. ठराव झाला, निधीही आला. आता कुणीतरी बसून एक कागद लिहायचा आहे: आपल्याला नेमके काय हवे. त्यावर ‘लोखंडी खांब, उंची सहा मीटर, रंगवलेला, दिव्यासह’ एवढेच लिहिले, तर सर्वांत कमी दर कुणाचा येणार हे ठरल्यासारखेच आहे. जो सर्वांत पातळ पत्र्याचा खांब देईल, त्याचा. कामही त्यालाच द्यावे लागेल, कारण मागितले तेवढे सगळे तो देतो आहे. मग खाडी आणि समुद्र यांच्या मधल्या खाऱ्या हवेत रंगाखालचे लोखंड बुडापासून गंजू लागते आणि थोड्याच पावसाळ्यांत खांब डुगडुगायला लागतात.

तोच कागद जाणत्या माणसाने लिहिला, तर त्यात पत्र्याची जाडी येते. वितळलेल्या जस्तात बुडवून चढवलेला, भारतीय मानक ४७५९ प्रमाणेचा लेप येतो आणि त्या लेपाची मायक्रॉनमधली किमान जाडी येते. दिव्याच्या आत धूळ आणि पाणी शिरू नये म्हणून आयपी ६६ दर्जा मागितलेला असतो. हमी किती वर्षांची, दिवा बंद पडला तर किती दिवसांत बदलून द्यायचा, नाही दिला तर बिलातून किती कापायचे, हेही त्यात असते. समजुतीसाठी आकडे घेऊ. साधा खांब १२ हजारांचा आणि पाच वर्षे टिकणारा, जस्ताचा खांब १६ हजारांचा आणि पंधरा वर्षे टिकणारा. पंधरा वर्षांत साधे खांब तीनदा घ्यावे लागतील, म्हणजे एका जागेमागे ३६ हजार, शिवाय जुने उपटण्याची आणि नवे रोवण्याची मजुरी वेगळी. दर उघडताना स्वस्त दिसणारा खांब दुपटीहून महाग निघाला.

यात दुसरी बाजूही सांभाळायची असते. अटी इतक्या नेमक्या लिहिल्या की त्या एकाच दुकानदाराच्या मालाला लागू पडाव्यात, तर स्पर्धा नावापुरती उरते. दर्जासाठी घट्ट आणि स्पर्धेसाठी मोकळा असा कागद लिहिणे हे या कामातले सर्वांत अवघड कसब आहे. त्याला धातू, वीज, बाजारभाव, करार, कायदा आणि हिशेब यांची थोडी थोडी समज लागते. एवढ्या गोष्टी एका माणसात आपोआप येत नाहीत. त्या शिकवाव्या लागतात. सार्वजनिक खरेदी हा स्वतंत्र पेशा आहे आणि पदवीधरांना त्याचे रीतसर शिक्षण सरकारने स्वतःच्या खर्चाने दिले पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

हा प्रश्न लहान नाही. ओईसीडी या संघटनेच्या सदस्य देशांत सार्वजनिक खरेदी ही सकल देशांतर्गत उत्पादनाच्या सुमारे १३ टक्के भरते. आपल्याकडे केंद्राच्या ‘जेम’ या सरकारी खरेदीच्या एकाच पोर्टलवर २०२३-२४ मध्ये चार लाख कोटी रुपयांहून अधिक उलाढाल झाली. २४ एप्रिल २०२३ पासून ग्रामपंचायतींचे ई-ग्रामस्वराज हे हिशेबाचे पोर्टल जेमला जोडले गेले. त्यामुळे आंजर्ल्यासारख्या गावाची पंचायतही आता देशभरच्या विक्रेत्यांकडून थेट माल मागवू शकते. पंधराव्या वित्त आयोगाचा निधी थेट पंचायतीच्या खात्यात आला. त्यातला ६० टक्के पाणी आणि स्वच्छता यांसाठी बांधलेला होता, ४० टक्के मोकळा. निर्णयाची सत्ता गावात आली, पैसा आला, बाजारही उघडला. पण त्या बाजारात उभे राहून माल पारखायला कुणी शिकवले?

प्रत्यक्षात हे शिक्षण मागच्या फायलीवरून होते. नवा ग्रामपंचायत अधिकारी किंवा पंचायत समितीतला कनिष्ठ सहाय्यक रुजू होतो आणि आधीच्या माणसाने काढलेली निविदा समोर ठेवून तारखा नि आकडे बदलतो. तीन दरपत्रके, तुलनात्मक तक्ता, पुरवठा आदेश, साठा नोंदवही, बिल, असा क्रम त्याला पाठ होतो. पुढे कधीतरी लेखापरीक्षणाचा आक्षेप येतो आणि त्यातून तो नियम शिकतो. पण आक्षेप बहुधा कागदाचा असतो: तिसरे दरपत्रक नाही, सही नाही, खरेदीचे तुकडे पाडले. खांब गंजला, हा आक्षेप सहसा येत नाही, कारण फाइलीत गंज दिसत नाही. म्हणून चुकायची भीती असलेला माणूस कमी दर धरून बसतो. कमी दर निवडल्याबद्दल त्याला कुणी जाब विचारणार नसते.

खरेदीचे शिक्षण नसण्याची किंमत मोठ्या प्रमाणावर पाहायची, तर आंजर्ल्याहून फार लांब जावे लागत नाही. दाभोळ याच दापोली तालुक्यात आहे. वाशिष्ठीच्या खाडीपलीकडे, गुहागर तालुक्यात अंजनवेल-वेलदूरच्या पट्ट्यात जो वीजप्रकल्प उभा राहिला, त्यालाही दाभोळचेच नाव मिळाले. जून १९९२ मध्ये एन्रॉन कंपनी आणि महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ यांच्यात सामंजस्य करार झाला. डिसेंबर १९९३ मध्ये वीजखरेदीचा करार झाला. स्पर्धात्मक निविदा काढलीच नव्हती. एकाच कंपनीशी वाटाघाटी करून वीस वर्षांची खरेदी ठरली. दोन टप्पे मिळून क्षमता दोन हजार मेगावॉटच्या वर जायची होती. इतकी महाग वीज एवढ्या प्रमाणात राज्याला परवडणार नाही, असे सांगून जागतिक बँकेने १९९३ मध्येच या प्रकल्पाला कर्ज नाकारले होते.

या कराराचे मर्म समजून घेण्यासारखे आहे. मंडळाने वीज उचलली नाही तरी प्रकल्पाच्या क्षमतेपोटी ठरलेला मोठा आकार द्यायचाच होता. देणे डॉलरशी बांधलेले होते, म्हणजे रुपया घसरला की बोजा मंडळावर. इंधनाचा भाव वाढला की तोही ग्राहकावर. मागणी, चलन आणि इंधन हे तीनही धोके घेणाऱ्याच्या पदरात पडले होते. १९९५ मध्ये नव्या सरकारने करार रद्द केला, १९९६ मध्ये फेरवाटाघाटी होऊन तो पुन्हा उभा राहिला, मे १९९९ मध्ये पहिला टप्पा सुरू झाला आणि दोनच वर्षांत मंडळाला बिले पेलेनाशी झाली. २००१ मध्ये माधव गोडबोले समितीने सगळ्या व्यवहाराची चिकित्सा केली. त्याच वर्षी वीजनिर्मिती थांबली आणि डिसेंबरात एन्रॉनने अमेरिकेत दिवाळखोरी पत्करली. पुढे २००५ मध्ये रत्नागिरी गॅस अँड पॉवर ही कंपनी काढून सार्वजनिक क्षेत्राला तो प्रकल्प ताब्यात घ्यावा लागला.

या प्रकरणातली एक नोंद मला सर्वांत बोलकी वाटते. १९९५ च्या आरंभी अमेरिकी काँग्रेसच्या समितीपुढे साक्ष देताना एन्रॉनच्या एका उपाध्यक्षांनी सांगितले, की भारतात शिक्षण आणि प्रकल्पाची पूर्वतयारी या प्रक्रियेवर कंपनीने सुमारे दोन कोटी डॉलर खर्च केले. या वाक्यावरून आपल्याकडे लाचेचा संशय घेऊन मोठे वादळ उठले. संशय बाजूला ठेवून ते विधान जसेच्या तसे खरे धरले, तरी ते तेवढेच गंभीर आहे. घेणाऱ्याचे शिक्षण देणारा करत होता. वीज कशी निर्माण करायची आणि कशी वाहून न्यायची, हे जाणणारे उत्तम अभियंते मंडळाकडे होते. पण वीस वर्षांच्या करारातला कुठला धोका कुणावर जातो, हे कलमागणिक उलगडून सांगणारी माणसे वेगळ्या तालमीत तयार होतात. राजकीय निर्णय अशा माणसांना थांबवता आला असता, असे मी म्हणत नाही. पण त्यांच्या लेखी हरकती फाइलीत असत्या आणि सही करणाऱ्याला त्या ओलांडून जावे लागले असते.

ही तालीम देण्याचे काम काही देशांनी फार पूर्वी हाती घेतले. अमेरिकेत १९९० मध्ये संरक्षण खात्याच्या खरेदी-कर्मचाऱ्यांसाठी स्वतंत्र कायदा झाला आणि त्यातून पुढच्या वर्षी डिफेन्स अॅक्विझिशन युनिव्हर्सिटी उभी राहिली. खरेदीच्या अमुक पदावर बसायचे तर अमुक पातळीचे प्रमाणपत्र हवे, अशी तिथली रचना आहे. ब्रिटनमध्ये ‘फास्ट स्ट्रीम’ या पदवीधर भरतीत व्यापारी खरेदीची स्वतंत्र शाखा आहे. निवड झालेल्या पदवीधराला वेगवेगळ्या खात्यांत काही काळ काम करायला पाठवतात: कधी मोठ्या कराराच्या वाटाघाटी, कधी चालू कराराची देखरेख. सोबत चार्टर्ड इन्स्टिट्यूट ऑफ प्रोक्युअरमेंट अँड सप्लाय या संस्थेची व्यावसायिक परीक्षा सरकारच्या खर्चाने द्यायची असते. तिथे इतिहासाचा पदवीधरही या शाखेत येतो, कारण सुरुवातीला लागते ती वाचण्याची, विचारण्याची आणि नोंदी ठेवण्याची शिस्त. बाकीचे शिकवता येते.

आपल्याकडे याची परंपराच नव्हती असे मात्र नाही. रेल्वेची भांडार सेवा हे त्याचे उत्तम उदाहरण. अभियांत्रिकीचे पदवीधर केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या अभियांत्रिकी सेवा परीक्षेतून निवडले जात, वडोदऱ्याच्या रेल्वे अकादमीत शिकत आणि मग डेपो, कारखाने, निविदा समित्या असे फिरत. स्क्रूपासून इंजिनापर्यंत काय, किती आणि केव्हा घ्यायचे, हे त्यांचे आयुष्यभराचे काम. केंद्राचा पुरवठा व विल्हेवाट महासंचालनालय नावाचा विभाग होता. त्याच्यासाठी भारतीय पुरवठा सेवा होती. हा विभाग दरकरार ठरवत असे आणि माल पाठवण्याआधी त्याचे निरीक्षक कारखान्यात जाऊन तपासणी करत. ऑगस्ट २०१६ मध्ये जेम सुरू झाले आणि ३१ ऑक्टोबर २०१७ ला महासंचालनालय बंद झाले. डिसेंबर २०१९ मध्ये रेल्वेच्या वेगवेगळ्या सेवा एकत्र करण्याचा निर्णय झाला आणि भांडार सेवा त्यात विलीन झाली.

जेममुळे दर उघड झाले, लहान विक्रेत्याला दिल्लीच्या खेपा घालाव्या लागेनाशा झाल्या. हा लाभ खरा आहे. पण पोर्टल दर शोधून देते, गरज लिहून देत नाही आणि आलेला माल हातात घेऊन पाहत नाही. जाणकारांचे संवर्ग आक्रसत असताना खरेदीचा अधिकार गावापर्यंत पसरतो आहे, हा विसंवाद मला काळजीचा वाटतो.

नियमही न्यायबुद्धीला जागा देतात, हे शिकवले जात नाही. केंद्राच्या २०१७ च्या सामान्य वित्तीय नियमांतला १४४ वा नियम काटकसरीइतकेच कार्यक्षमता, पारदर्शकता, समान वागणूक आणि स्पर्धा यांना महत्त्व देतो. ऑक्टोबर २०२१ मध्ये वित्त मंत्रालयाने काही प्रकारच्या कामांत दराबरोबर दर्जालाही गुण द्यायला मुभा दिली, जास्तीत जास्त ३० टक्क्यांपर्यंत. राज्याची स्वतःची खरेदी नियमपुस्तिका १ डिसेंबर २०१६ च्या शासन निर्णयाने आली. ही पुस्तिका कार्यालयात असते, पण ती उदाहरणे सोडवत शिकणे आणि अडचण आली की चाळणे यांत फरक आहे.

महाराष्ट्राने औषधांच्या बाबतीत हा धडा महागात शिकला. २०१७ मध्ये खरेदी हाफकिन महामंडळाकडे सोपवली गेली. लस आणि सर्पदंशावरचे औषध बनवणारी ही नामांकित संस्था. पण औषध बनवणे आणि हजारो ठिकाणांसाठी औषधे विकत घेणे ही दोन वेगळी कामे आहेत. अखेर २०२३ मध्ये कायदा करून महाराष्ट्र वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरण नेमावे लागले. तामिळनाडूने असे महामंडळ १९९४ मध्येच काढले होते. तिथे प्रत्येक रुग्णालयाला बँकेसारखे पासबुक असते, त्यात वर्षाची रक्कम जमा दाखवतात आणि जिल्ह्याच्या गोदामातून औषध उचलले की ती वजा होते. कुठे काय खपते हे त्या नोंदींवरून कळते आणि पुढची खरेदी अंदाजावर न होता खपावर होते. दापोलीसारख्या तालुक्यात पावसाळा लागला की शेतात, गवतात सर्पदंश वाढतात. औषध मे अखेरीस आरोग्य केंद्रात असले पाहिजे, जुलैत मागणीपत्र पाठवून भागत नाही. किती घ्यायचे हे मागच्या तीन-चार वर्षांच्या नोंदींतून काढायला शिकवणे, हाही या पेशाच्या अभ्यासक्रमाचाच भाग.

आणि कोकणात या अभ्यासक्रमाचे एक प्रकरण वादळावर असलेच पाहिजे. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले आणि दापोली-मंडणगडला त्याने झोडपून काढले. आंजर्ले, केळशी, मुरूड, हर्णै या पट्ट्यातल्या नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या, छपरे उडाली, विजेचे खांब कोसळले. अनेक गावे आठवडेच्या आठवडे अंधारात राहिली, त्यात कोविडची टाळेबंदी. अशा वेळी पत्रे, ताडपत्री, खांब, तारा, जनरेटर सगळ्यांनाच एकदम हवे असतात.

कायद्याने याची सोय केलेली आहे. आपत्ती व्यवस्थापन अधिनियम २००५ च्या कलम ५० खाली आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण तातडीच्या खरेदीला परवानगी देऊ शकते आणि अशा खरेदीला निविदा मागवण्याची अट लागू होत नाही. पण निविदा माफ झाली म्हणून भाव माफक होत नाहीत. उलट तेव्हाच सर्वांत चढे असतात. तयार खरेदीदार हे काम मार्चमध्येच करून ठेवतो. वस्तूंची यादी, त्यांचा दर्जा, दोन-तीन पुरवठादारांशी दरकरार, माल कुठल्या गोदामातून किती तासांत निघेल याची हमी, आणि घाट बंद झाला तर पर्यायी वाट. दरकरारात लगेच काही विकत घ्यायचे नसते, घ्यायची वेळ आली तर कुठल्या भावाने हे तेवढे आधी ठरते. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ याच किनाऱ्याजवळून गेले, तेव्हा वर्षभरापूर्वीचा अनुभव ताजा होता. अशा अनुभवाचे टिपण कुठे लिहिले जाते, पुढच्या अधिकाऱ्याच्या हाती कसे येते, याची ठरलेली रीत हवी.

पावसाळ्यापूर्वीच्या बेगमीचा विचार या भूमीत जुना आहे. चिपळूणजवळच्या लष्करी छावणीला शिवाजी महाराजांनी १६७० च्या दशकात धाडलेले प्रसिद्ध पत्र मुळात पुरवठ्याबद्दलचेच आहे. पावसाळ्यासाठी दिलेला दाणागोटा आणि वैरण आताच उधळली तर पुढे घोडी उपाशी मरतील आणि शिपाई रयतेला लुबाडू लागतील, म्हणून बेताने वापरा. जे हवे ते बाजारात पैसे देऊन घ्या, असा त्याचा आशय. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमाराच्या लाकडाविषयी अशीच ताकीद आहे: रयतेच्या आंबा-फणसाला हात लावू नका, झाड जीर्ण असेल तर मालकाला राजी करून, मोबदला देऊन मगच तोडा. आंजर्ल्याच्या कड्यावरच्या गणपतीपासून सुवर्णदुर्ग दिसतो. त्या किल्ल्याच्या आश्रयाला राहणाऱ्या आरमारालाही हेच बंधन होते. पुरवठा वेळेत, किंमत रोख आणि विकणाऱ्यावर जुलूम नाही, ही तीन तत्त्वे आजच्या कुठल्याही पाठ्यपुस्तकात तशीच सापडतील.

मग आपल्याकडे पदवीधराला तयार करायचे कसे? पुण्याच्या यशदा या प्रशिक्षण संस्थेत राज्य लोकसेवा आयोगातून निवडलेल्या परिविक्षाधीन अधिकाऱ्यांचे एकत्रित प्रशिक्षण होते. वर्गातला अभ्यास आणि जिल्ह्यातली प्रत्यक्ष नेमणूक असे दोन्ही त्यात असते. त्यातच खरेदीची वेगळी शाखा काढता येईल. शिवाय जुलै २०२४ पासून मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आहे. तिच्यात पदवीधरांना महिना दहा हजार रुपये विद्यावेतन देऊन शासकीय कार्यालयांत आणि उद्योगांत पाठवले जाते. हाताशी अभ्यासक्रम नसेल, तर असा मुलगा किंवा मुलगी संगणकावर नोंदी करत आणि झेरॉक्स काढत मुदत संपवते. त्याऐवजी पंचायत समितीत सहा महिने एकच काम द्यावे: एक खरेदी गरज मोजण्यापासून हमीचा काळ सुरू होईपर्यंत पूर्ण अनुभवायची. बाजारात फिरून अंदाजित किंमत स्वतः काढायची. निविदापूर्व बैठकीत पुरवठादारांचे प्रश्न लिहून घ्यायचे. आलेला माल मोजायचा, नमुना तपासणीला पाठवायचा, मोजमाप पुस्तिकेतली नोंद जागेवर जाऊन पडताळायची. आणि दोन वर्षांपूर्वी घेतलेल्या वस्तूंपैकी आज किती चालू आहेत, याची यादी करायची. ही शेवटची यादी सध्या कुणीच मागत नाही. माझ्या मते प्रशिक्षणातले सर्वांत मोलाचे पान तेच ठरेल.

दापोली परिसरातल्या ज्या पदवीधराला या वाटेने जायचे आहे, त्याच्यासाठी आजही काही दारे उघडी आहेत. पात्रतेच्या अटी पुऱ्या करणाऱ्या पदवीधराला राज्यसेवा परीक्षेतून महाराष्ट्र वित्त व लेखा सेवेत जाता येते. खर्चाच्या आणि खरेदीच्या फायली तिथूनच पुढे सरकतात. भांडारपाल आणि लेखा सहाय्यक ही पदे वेगवेगळ्या विभागांच्या भरतीत निघतात. अभियंत्यांसाठी ओएनजीसीसारख्या सार्वजनिक कंपन्यांत साहित्य व्यवस्थापनाची स्वतंत्र पदे असतात. नवी मुंबईत बेलापूरला मुख्यालय असलेली इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ मटेरियल्स मॅनेजमेंट पदवीधरांसाठी पदविका चालवते, दूरशिक्षणानेही. फरिदाबादच्या अरुण जेटली राष्ट्रीय वित्तीय व्यवस्थापन संस्थेत सार्वजनिक खरेदीचे छोटे वर्ग होतात, पण ते नोकरीत असलेल्यांसाठी. औषधनिर्माणशास्त्र शिकलेल्यांना वैद्यकीय खरेदी प्राधिकरणाचे काम जवळचे आहे. कोकण कृषी विद्यापीठ तर दापोलीतच आहे. बियाणे, खते, यंत्रे, रोपे यांचा दर्जा पारखणारा तिथला पदवीधर कराराचा कायदा शिकला, तर कृषी विभागाच्या निविदा लिहायला त्याच्याइतका योग्य माणूस मिळणे कठीण.